हाऊसफुल्ल अबोला

ज्या दुपारी माझं आणि विश्रामचं भांडण ठरलं, त्या दुपारी आम्ही दोघं एकाच डब्यातली भेंडीची भाजी खात होतो. ठाण्याला आमच्या नाटकाचा प्रयोग होता. बुकिंगच्या खिडकीवरचा माणूस पेपर तोंडावर घेऊन झोपला होता आणि आम्ही मेकअप रूममध्ये, पहिल्या पाच रांगांच्या पुढे कोणी दिसेल का, यावर बोलत होतो. तेवढ्यात आमचे निर्माते वाळिंबे आत आले, त्यांनी डब्याकडे पाहिलं आणि मागे दार लावून घेतलं.

"हे असं एकत्र जेवणं आधी बंद करा," ते म्हणाले.

मला वाटलं, डब्याचा वास येतो म्हणून म्हणत असतील. पण वाळिंब्यांच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. त्यांचं म्हणणं असं की दोन मित्रांना बघायला तिकीट काढून कोण येतं? मित्र ज्याच्या त्याच्या घरी असतातच. पण एकमेकांचं तोंड न बघणारे दोन नट रंगमंचावर एका चादरीत झोपतात म्हटल्यावर लोक रांग लावतील. कधी एकदा जुंपते ते बघायला.

आमचं नाटक होतं 'कुलूप तुझं, किल्ली माझी'. एका खोलीत राहणारे दोन वयस्क ब्रह्मचारी, त्यांची एक चादर, एक छत्री, एक स्टोव्ह. विश्राम साटम आणि मी, अच्युत नेर्लेकर, अडीच तास स्टेजवर. विनोदी नट म्हणून आमची जोडी बऱ्यापैकी चालायची. म्हणजे विश्राम चालायचा आणि मी त्याच्याबरोबर असायचो. पण त्या वर्षी तोही चालेना.

"कशावरून भांडलो म्हणायचं?" मी विचारलं.

"काहीच म्हणायचं नाही. आपण कारण दिलं तर ते एकच असतं. लोकांवर सोडलं की ते रोज नवीन काढतात."

 विश्राम बोट चाटत म्हणाला, "मे महिन्यापर्यंत नाटक टिकलं पाहिजे, अच्या. शलाकाचं लग्न आहे."

शलाका त्याची एकुलती एक मुलगी. तिची आई, सुलभा, हिला सख्खा भाऊ नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्याच भाऊबीजेला विश्रामने मला पाटावर बसवलं, सुलभाने ओवाळलं, आणि मी भाऊ झालो. पुढे शलाका झाल्यावर मामा झालो. ती चालायला लागली तेव्हापासून सगळे म्हणायचे, हिला बोहल्यावर अच्युतमामा आणणार. तेव्हा तिच्या लग्नासाठी नाटक चाललं पाहिजे, आणि नाटकासाठी भांडलं पाहिजे, तर मी भांडायला तयार होतो. हे माझं उदात्त कारण. दुसरं म्हणजे मला पेपरात नाव यायला हवं होतं. पंचवीस वर्षांत माझ्याबद्दल छापून आलेलं सगळ्यात मोठं वाक्य 'नेर्लेकरांनी चांगली साथ दिली' एवढंच होतं.

मग वाळिंब्यांनी नियम घातले. गाड्या वेगळ्या. दौऱ्यावर हॉटेल एक, पण मजले वेगळे. कोणाही देखत बोलायचं नाही, फोन करायचा नाही, घरी जायचं नाही. बायकांना सांगितलं तर चालेल, कारण नाहीतर त्या मधे पडून मिटवतील. पण शलाकाला नाही. ती शाळेत शिकवायची. तिला सांगितलं की स्टाफरूमला कळणार, आणि मधल्या सुट्टीनंतर अख्ख्या गिरगावाला. लग्नाच्या आठवडाभर आधी विश्राम तिला सगळं सांगेल असं ठरलं, आणि आम्ही भाजी संपवली.

पुढच्या रविवारी एका पेपरात कोपऱ्यात चार ओळी आल्या. 'साटम-नेर्लेकर यांच्यात विस्तव जात नाही' असं त्यांचं शीर्षक होतं. त्या कात्रणाची मी घडी करून पाकिटात ठेवली होती, हे आज सांगायला हरकत नाही. त्यानंतर मात्र खरंच गर्दी व्हायला लागली. वाळिंब्यांचा अंदाज तंतोतंत खरा ठरला. लोक नाटक बघायला येत नव्हते, आमच्याकडे बघायला येत होते. विश्रामने माझ्या हातातून छत्री जरा जोरात ओढली की पहिल्या रांगेतले लोक एकमेकांना कोपर मारायचे. आम्हीही मग चेकाळलो. मी नाटकात नसलेली वाक्यं घालायला लागलो. "काही माणसांना पंचवीस वर्षं ओळखूनसुद्धा ओळखता येत नाही," असं मी प्रेक्षकांकडे बघून म्हणायचो आणि टाळी घ्यायचो. विंगेत गेल्यावर विश्राम कानात कुजबुजायचा, "आजची जागा मस्त घेतलीस." इतकं आमचं छान चाललं होतं.

कारणंही लोकांनी भरपूर काढली. जाहिरातीत कोणाचं नाव आधी यावं यावरून, कळव्याच्या एका भूखंडावरून, एका नटीवरून. त्या नटीच्या गोष्टीने मी मनातून फार सुखावलो होतो. पण त्यातही दोन महिन्यांत एकाही माणसाने ती नटी माझ्याकडे होती असं म्हटलं नाही. ती विश्रामकडे असायची, आणि मी जळायचो. एकूण सगळ्याच कारणांत विश्राम भला माणूस होता आणि मी हलकट. माझी बायको कुंदा म्हणाली, "अहो, लोक बरोबर ओळखतात."

याच दिवसांत एकदा शलाकाचा फोन आला. मी घरात एकटाच होतो. "मामा, तुझं आणि बाबांचं काय झालंय?" तिने विचारलं. आवाज लहान मुलीसारखा झाला होता. मी तिला काहीतरी थातुरमातुर सांगून फोन ठेवू शकलो असतो. पण समोर प्रेक्षक आला की मला राहवत नाही. मी क्षणभर थांबलो, श्वास सोडला आणि म्हटलं, "तुझ्या बापाला विचार. माझ्यापुरता तो माणूस संपला." आणि फोन ठेवला. काय आवाज लागला होता! शेवटच्या शब्दावर जरासा फाटलासुद्धा. दुसऱ्या दिवशी विंगेत मी विश्रामला ते वाक्य करून दाखवलं. तो म्हणाला, "स्टेजवर का नाही लागत रे तुझा असा?" आम्ही दोघं तोंड दाबून हसलो.

अडचण अशी झाली की भांडण अपेक्षेपेक्षा फारच चांगलं चाललं. एप्रिलमध्ये वाळिंब्यांनी गोव्यापर्यंतचे प्रयोग लावून टाकले, जून अखेरपर्यंत. म्हणजे मेमध्ये भांडण मिटून चालणार नव्हतं. वाळिंबे म्हणाले, लग्नाला पेपरवाले येतील, नाटकातली निम्मी माणसं येतील, तिथे नेर्लेकर दिसले की संपलं. पहिल्यांदा मला ते खरंच वाटलं नाही. जिच्या लग्नासाठी हे केलं, तिच्याच लग्नाला मी जायचं नाही?

विश्रामशी बोलायला मला एकच जागा उरली होती, ती म्हणजे विंग. दुसऱ्या अंकात दोघंही आत असतो अशी मिनिटभराची संधी असायची. तिथे तो मला म्हणाला, "तू मागच्या दाराने ये. स्वयंपाक्यांच्या बाजूने. खोलीत बसून अक्षता टाक."

"मुलीचा मामा मागच्या दाराने येत नाही."

"अच्या, समजून घे. गोव्याचे प्रयोग गेले तर मी तोंडघशी पडेन."

"मग मुलीला बोहल्यावर कोण आणणार?"

"सुलभाचा चुलतभाऊ येतोय कणकवलीहून."

"मग आण त्याला," मी म्हटलं, आणि माझी एंट्री आली म्हणून स्टेजवर गेलो. त्या दिवशी छत्री मी इतक्या जोरात ओढली की तिची काडी मोडली. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. पुढचे चार-पाच प्रयोग आम्ही विंगेतही बोललो नाही. तो म्हणाला असता 'पुढच्या दाराने ये' तर मी गेलो असतो. मी म्हणालो असतो 'येतोच' तर त्याने नाही म्हटलं नसतं. पण इतके दिवस न बोलण्याची सवय झाली होती, आणि सवय लागली की काम सोपं होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी वाळिंबे स्वतः माझ्या घरी आले. आजवर ते कधी माझा जिना चढले नव्हते. कुंदाने केलेला चहा पिऊन ते म्हणाले, "नेर्लेकर, उद्या काय वाटेल ते झालं तरी तुम्ही परळला कार्यालयाकडे फिरकायचं नाही. मला शब्द द्या. तुम्ही भावनाप्रधान माणूस आहात, म्हणून मुद्दाम सांगायला आलो."

मला आजवर कोणी भावनाप्रधान म्हटलं नव्हतं. मी शब्द दिला नाही. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. तसं पाहायला मला आवडतं.

सकाळी कुंदा पैठणी नेसून निघाली. "माझं कोणाशी भांडण नाही," ती म्हणाली, आणि गेली. मी लुंगी-बनियनवर पेपर वाचत बसलो. मग दाढी केली. मग म्हटलं, दाढी केलीच आहे तर आंघोळ करू. आंघोळ झाल्यावर कपाटात इस्त्रीचा झब्बा दिसला. अकराच्या सुमाराला मी परळला कार्यालयासमोरच्या पानाच्या गादीवर उभा होतो, डोळ्यांना काळा चष्मा लावून. पानवाला म्हणाला, "नेर्लेकरसाहेब, लग्नाला का?" मी म्हटलं, नाही, सहज आलो होतो. त्याने माझ्या झब्ब्याकडे पाहिलं आणि पान लावायला घेतलं.

कार्यालयातला लाऊडस्पीकर रस्त्यावर ऐकू येत होता. भटजींनी आवाज दिला, "मुलीचे मामा, मुलीला घेऊन या."

मी पान तोंडात टाकलं. थोड्या वेळाने पुन्हा तोच आवाज आला. "मुलीचे मामा कुठे आहेत? मुहूर्त टळतोय." आत कसला तरी गोंधळ चालल्यासारखं वाटलं. मग भटजी जरा वैतागून म्हणाले, "अहो, मुलगी खोलीतून बाहेर यायला तयार नाही म्हणतात. मामा कोण आहेत? मामांनी पुढे यावं."

पान मी तिथेच थुंकलं. रस्ता कसा ओलांडला ते आठवत नाही. कार्यालयाच्या दारात चपला काढायला वाकलो तर एक निघेना, म्हणून एका पायात चप्पल घेऊनच आत गेलो. खोलीच्या दारात कणकवलीचा चुलतभाऊ फेटा बांधून उभा होता. "अवो, मी आसंय मां!" असं तो बिचारा सगळ्यांना सांगत होता. मी त्याला बाजूला केलं. शलाका पिवळ्या अष्टपुत्रीत, मुंडावळ्या बांधून, भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिने मला पाहिलं.  उठली आणि माझा दंड धरला.

हॉलमध्ये शिरलो तसा सगळा गोंगाट थांबला. विश्राम अंतरपाटाजवळ उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या एका पायातल्या चपलेकडे पाहिलं, आणि सगळ्यांसमोर पुढे येऊन मला मिठी मारली. मला रडू फुटलं. स्टेजवर मला कधी रडता आलेलं नाही. विक्सची डबी जवळ ठेवावी लागते. इथे मात्र नाक, डोळे सगळं वाहत होतं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत मी शलाकाच्या मागे उभा राहून झब्ब्याच्या बाहीने तोंड पुसत होतो. समोर फ्लॅश उडत होते. लग्नात फोटोग्राफर असायचेच. जरा जास्त आहेत एवढंच वाटलं.

तिसऱ्या दिवशी फोटो पेपरात आला. कोपऱ्यात नव्हे, पहिल्या पानावर खालच्या बाजूला. 'भाचीच्या लग्नात मामा धावून आला.' माझं तोंड भिजलेल्या उशीसारखं दिसत होतं. आणि आत नाटकांच्या पानावर चौकटीत जाहिरात होती. 'कुलूप उघडलं! साटम-नेर्लेकर पुन्हा एकत्र. मिठीसह बघा.' त्या दिवशीच्या प्रयोगाची तिकिटं खिडकी उघडल्यावर तासाभरात संपली. ज्यांनी आम्हाला भांडताना पाहिलं होतं, ते सगळे आता मिटलेलं बघायला पुन्हा तिकीट काढून आले.

मेकअप रूममध्ये वाळिंब्यांनी मला पेढा भरवला. म्हणाले, "रडलात ते फार छान झालं. सांगून जमलं नसतं."

मला तेव्हा पहिल्यांदा शंका आली. मी विचारलं, "तुम्ही तर मला येऊ नका म्हणाला होतात."

"या म्हटलं असतं तर आला असतात?"

 नसतो आलो. मला कोणी काही कर म्हटलं की माझ्यातला स्वाभिमानी माणूस जागा होतो. हे त्यांनी अचूक ओळखलं होतं. "फोटोवाले कोणी बोलावले?" मी विचारलं.

"मीच. पण मला आधी घरच्याच माणसाने विचारलं, म्हणून." एवढं बोलून ते पेढ्यांचा पुडा घेऊन बुकिंगच्या खिडकीकडे गेले.

घरचं माणूस म्हणजे कोण, हे मला विचारावं लागलं नाही. विश्राम आरशासमोर भुवया रंगवत होता. मी म्हटलं, "मुलीचं लग्न विकलंस?"

त्याने भुवई अर्धवट ठेवली. "मी? मला वाटलं तू विकलंस. पहिल्या पानावर यायची हौस कोणाला होती?"

"मी खरा रडलो तिथे."

"म्हणूनच संशय आला," विश्राम म्हणाला.

हे तो गमतीने म्हणाला असेल. मला गंमत वाटली नाही. मीही पुढे जे बोललो ते बोलायला नको होतं. पंचवीस वर्षांत कोणी कोणाला सांभाळून घेतलं, कोणाच्या जिवावर कोण जगलं, हे सगळं निघालं. त्यातलं पुष्कळ कदाचित खरं होतं, म्हणून जास्त लागलं. तिसरी घंटा झाली. आम्ही स्टेजवर गेलो, एका चादरीत झोपलो, आणि शेवटी वाळिंब्यांच्या हुकमाप्रमाणे पडद्याआधी मिठी मारली. सगळं थिएटर उभं राहून टाळ्या वाजवत होतं. माझ्या खांद्यावर तोंड ठेवून विश्राम म्हणाला, "उद्यापासून डबा वेगळा आण."

असा आमचा खरा अबोला सुरू झाला, ज्या दिवशी सगळ्या मुंबईला तो मिटल्याचं कळलं त्याच दिवशी. आणि तो फार वाईट होता. खोट्या भांडणात निदान विंगेत हसायला मिळत होतं. आता दौऱ्यावर वाळिंबे आम्हाला एका गाडीत शेजारी शेजारी बसवत, ठिकठिकाणी लोक आमचा एकत्र सत्कार करत, एकच शाल दोघांच्या खांद्यांवर टाकत, आणि त्या शालीच्या आत आम्ही एकमेकांना कोपर लागणार नाही अशा बेताने उभे असायचो. घरी येऊन मी जेवत नसे. कुंदा म्हणाली, "जा आणि माफी मागा." मी म्हटलं, चूक त्याची आहे. ती म्हणाली, "म्हणून काय झालं?" मला त्याची फार आठवण येत होती, आणि रोज संध्याकाळी तोच शेजारी बसलेला असायचा.

जूनमध्ये सुलभाने कुंदाकरवी निरोप पाठवला. शलाकाला पहिल्यांदा माहेरी आणायचं होतं, मूळ म्हणून मामानेच जावं. विश्रामबद्दल काही नव्हतं. मी चिपळूणची गाडी पकडली. मनात ठरवलं होतं की वाटेत शलाकाला तिच्या बापाचे प्रताप सांगायचे. तिला कळू दे, तिचं लग्न कोणी जाहिरातीला लावलं ते.

तिच्या सासरी दिवाणखान्यात पेपरातला तो फोटो फ्रेम करून लावला होता. सासूबाईंनी मला त्याच्याखालीच बसवलं. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या सांगत होत्या, "आमच्या सुनेच्या पायगुणाने वीस वर्षांचं वैर मिटलं हो." मी फोटोतल्या माझ्या नाकाकडे बघत आमरस खाल्ला. शलाका मात्र खूश दिसत होती. माझ्या पानात दुसऱ्यांदा रस वाढताना तिने हळूच माझ्या खांद्यावर थोपटलं.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. परशुरामचा घाट चढेपर्यंत शाळेचं, सासरचं, आंब्याचं बोलणं चाललं. मी बापाचा विषय कसा काढावा याची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात तीच म्हणाली, "मामा, रागावणार नसशील तर एक सांगते. वाळिंबेकाकांकडे मी गेले होते."

"तू? कशाला?"

"तुला आणायला. लग्नाच्या आधी चार दिवस बाबांना म्हटलं होतं, मामाला बोलवा. ते म्हणाले, त्या माणसाचं नाव काढू नकोस."

"तुझ्या बापाने तुला आधीच काही सांगितलं नव्हतं?"

"काय सांगायचं? घरात चार पाहुणे बसले होते. सगळ्यांदेखत ओरडले माझ्यावर. आणि तू तर फोनवर म्हणालास, तो माणूस संपला. तेव्हा मी दोन दिवस शाळेत गेले नव्हते, मामा. शेवटी वाळिंबेकाकांना जाऊन भेटले. म्हटलं, तुम्ही दोघांचे निर्माते, काहीही करा पण मामाला आणा. ते म्हणाले, आणतो, पण चार फोटोवाले येतील, चालेल का. मी म्हटलं, चारशे आणा."

एसटी वळणावळणाने चालली होती. मला समोरच्या सीटचा दांडा धरावा लागला. म्हणजे विश्रामने तिला काही सांगितलंच नव्हतं. पुढे ढकलत राहिला असणार. वाळिंब्यांनी तिचं बोलणं ऐकूनही तिला काही सांगितलं नाही, कारण कशाला सांगतील? आणि त्या सबंध वर्षात माझ्या अभिनयावर कोणाचा पूर्ण विश्वास बसला असेल तर तो हिचा.

"वाईट वाटून घेऊ नकोस," ती म्हणाली. "फोटो आला ते मला नव्हतं आवडलं. पण तुम्ही बोलायला लागलात ना. आता तरी सांग, भांडण कशावरून झालं होतं?"

मी खोटं सांगू शकलो असतो. भूखंड होता, नटी होती, जाहिरातीतलं नाव होतं, लोकांनी सगळी कारणं तयार करून ठेवलीच होती. त्यातलं कुठलंही उचललं असतं तर तिने मानलं असतं. पण तिच्याकडे बघून मला ते जमेना. मी म्हटलं, "भांडण झालंच नव्हतं, शलू. नाटक चालत नव्हतं म्हणून वाळिंब्यांनी काढलेलं होतं. आम्ही विंगेत बोलत होतो."

 तिने विचारलं, "तो फोन?"

"तोही."

"आईला माहीत होतं?"

"हो."

"म्हणजे मी एकटीच खरं समजत होते," ती म्हणाली, आणि खिडकीकडे वळली.

पुढे पनवेलपर्यंत ती बोलली नाही. मी महाडला लिंबू सरबत आणलं, ते तिने शेजारच्या बाईच्या मुलाला दिलं. घरी पोचल्यावर सुलभाने भाकरतुकडा ओवाळून टाकला, विश्राम हसत पुढे आला, आणि शलाका त्याच्या बाजूने आत निघून गेली. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी जिन्यात त्याला सगळं सांगितलं. ऐकताना तो पायरीवर खाली बसला.

ती पंधरवडा राहिली. आईशी कामापुरतं बोलायची, आमच्याशी अजिबात नाही. आदळआपट नव्हती, टोमणे नव्हते, कोणाला दाखवायचं नव्हतं. विश्राम खोलीत आला की ती उठून दुसऱ्या खोलीत जायची, इतकंच. त्या दिवसांत प्रयोग मुंबईतच होते, म्हणून मी रोज जात होतो. रोज आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत आरोपीसारखे बसायचो, आणि आमच्याशी बोलायला दुसरं कोणी नसल्यामुळे हळूहळू एकमेकांशी बोलायला लागलो. माफी कोणी मागितली नाही. तिसऱ्या दिवशी विश्राम म्हणाला, "याला म्हणतात अबोला. आपण काय करत होतो रे?"

"आपण ओरडत होतो," मी म्हटलं.

त्याच आठवड्यात वाळिंब्यांचा फोन आला. फोन मी घेतला. त्यांना कुठून तरी वास लागला होता. "साटमांची मुलगी माहेरी येऊन बापाशी बोलत नाही म्हणे? काय प्रकार आहे? पुण्याचं बुकिंग जरा मंद आहे म्हणून विचारतो." विश्राम माझ्या तोंडाकडे बघत होता. आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता.

"छे हो," मी म्हटलं. "ती इथेच बसलीय. आम्ही पत्ते खेळतोय." आणि फोन ठेवला.

शलाकाला सासरी पोचवायचा दिवस आला. सुलभाने लाडवांचा डबा बांधला. विश्राम सकाळपासून धुतलेला शर्ट घालून दारात उभा होता, पण शलाका त्याच्या पाया पडली आणि न बोलता पायरी उतरली. मी तिच्या मागे रिकाम्या हाताने निघालो. दोन पायऱ्या उतरून ती थांबली.

"मामा," ती म्हणाली, "बॅग राहिली. घे."

मी बॅग घ्यायला वर गेलो. विश्रामने ती आधीच उचलून धरली होती. त्याचे डोळे भरले होते, आणि त्याला मी ओळखतो, त्याला स्टेजवर रडायला विक्स लागत नाही, पण हे ते रडणं नव्हतं.

"तुझ्याशी बोलली," तो म्हणाला.

"तुझ्याशीही बोलेल."

"कधी?"

ते मला माहीत नव्हतं. मी बॅग धरली. त्याने ती सोडली नाही, तसाच माझ्याबरोबर एक एक पायरी उतरत खालपर्यंत आला, आणि शलाकाच्या देखत बॅग टॅक्सीत ठेवून बाजूला उभा राहिला. तिने काच वर केली नाही.